फिफ्थ व्हील हिच घ्यायचाय? आधी ट्रकचं दार उघडा

मंडळाच्या गणपतीत आरती संपली, प्रसादाची रांग लागली, की कोणीतरी मला गाठतंच. "ऐक ना, आम्ही पण तो मोठा ट्रेलर घेतोय, ट्रकच्या हौद्यात बसणारा. हिच कुठला घेऊ?" मी विचारते, "ट्रकच्या दाराच्या आतल्या स्टिकरचा फोटो आहे?" समोरच्याचा चेहरा पडतो. त्याला कंपनीचं नाव हवं असतं आणि मी त्याला पार्किंगमध्ये पिटाळत असते. (ट्रेलर म्हणजे चाकांवरचं फिरतं घर, ट्रक म्हणजे ते ओढणारा, मागे उघडा हौदा असलेला पिकअप, आणि हिच म्हणजे दोघांना जोडणारी कडी.)

पाच वर्षांपूर्वी मीही नावच विचारत होते. आम्ही डॅलसच्या उत्तरेला राहतो. आधी ट्रेलर आवडला म्हणून घेतला, मग सेलमध्ये दिसला म्हणून हिच घेतला. ट्रक तर दारात होताच, साडेपाच फुटी हौद्याचा, हाफ-टन, म्हणजे मोठ्या पिकअपमधल्या हलक्या वर्गातला. विक्रेता म्हणाला, "तुमचा ट्रक ११,००० पाउंड ओढतो, ट्रेलर ८,५०० चा. प्रश्नच नाही." प्रश्न होता. तो कळेपर्यंत हिच बसवून झाला होता, हौद्याला भोकं पाडून झाली होती आणि पहिल्याच कॅम्पग्राउंडमध्ये वळताना ट्रेलरचा कोपरा केबिनच्या मागच्या काचेपासून दोन बोटांवर येऊन थांबला होता. तोही नवरा "थांब, थांब, थांब" असा ओरडला म्हणून. पुढच्या सहा महिन्यांत तो ट्रक आणि हिच दोन्ही तोट्यात विकले.

म्हणून हा लेख त्याच क्रमाने लिहिलाय ज्या क्रमाने मी ते करायला हवं होतं. हिचची पाळी पाचव्या पायरीवर येते. तोवर धीर धरा.

आधी दोन ओळी ओळखीच्या

अमेरिकेत ओढायच्या ट्रेलरचे दोन मुख्य प्रकार. साधा ट्रॅव्हल ट्रेलर गाडीच्या मागे, बंपरखालच्या गोळ्यावर अडकतो. आपल्याकडची ट्रॅक्टरची ट्रॉली जशी मागच्या हुकाला लागते तसा. तो एसयूव्हीलाही चालतो. फिफ्थ व्हील ट्रेलरचं नाक मात्र पिकअपच्या हौद्यात येतं. त्या नाकाखाली किंगपिन नावाचा दोन इंच जाडीचा पोलादी खुंटा असतो, आणि तो हौद्यात बसवलेल्या हिचच्या जबड्यात अडकतो. उरणला न्हावा-शेव्याच्या रस्त्यावर कंटेनरचे ट्रेलर पाहिले असतील, तर हीच जोडणी तुम्ही हजारदा पाहिली आहे. नाव आलंय घोडागाडीवरून. पुढचा आस वळावा म्हणून त्यावर एक आडवं चाक ठेवत, चार चाकांनंतरचं पाचवं.

हिच मागच्या आसाच्या बरोबर वर किंवा किंचित पुढे बसतो, म्हणून हा ट्रेलर मागे शेपटासारखा हलत नाही. हायवेवर मोठा ट्रक बाजूने गेला तरी हातातलं स्टिअरिंग शांत राहतं. लोक फिफ्थ व्हीलकडे वळतात ते यासाठी. पण याची किंमत ट्रकच्या मागच्या आसाला मोजावी लागते.

१. ट्रकचं दार उघडा

ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर दोन स्टिकर असतात. एक पिवळं-पांढरं, टायरच्या माहितीचं. त्यावर "माणसं आणि सामान मिळून इतक्या वजनाच्या वर कधीही जाऊ नये" अशा अर्थाची ओळ असते. तो आकडा म्हणजे तुमच्या ट्रकचा पेलोड. 'तुमच्या' यावर जोर द्या, कारण एकाच मॉडेलच्या दोन ट्रकांचा पेलोड वेगळा असतो. सनरूफ, चामड्याच्या सीटा, फोर-व्हील ड्राइव्ह, प्रत्येक गोष्ट त्यातून वजा होऊनच ट्रक कारखान्याबाहेर येतो. नंतर तुम्ही पायऱ्या, हौद्याचं झाकण, टूलबॉक्स लावलात, तर ते तुम्ही स्वतः वजा करायचं.

दुसऱ्या स्टिकरवर ट्रकचं भरून कमाल वजन आणि पुढच्या-मागच्या आसाची वेगवेगळी मर्यादा असते. मागच्या आसाचा आकडा लिहून ठेवा, शेवटच्या पायरीत लागेल.

जाहिरातीतली टोइंग कपॅसिटी सध्या विसरा. फिफ्थ व्हीलच्या बाबतीत ओढायची ताकद संपायच्या कितीतरी आधी पाठीवर घ्यायची ताकद संपते. आमच्या जुन्या ट्रकचा पेलोड होता १,५६० पाउंड. ट्रेलरचं नुसतं नाकच १,७०० च्या वर होतं. आम्ही चौघं, हिच आणि बर्फपेटी त्याच्या वर.

एक सापळा आणखी. "डिझेल घेऊन टाका, मग काळजी नाही" असं ज्याला त्याला सांगतात. थ्री-क्वार्टर टन, म्हणजे २५० किंवा २५०० वर्गातल्या बऱ्याच ट्रकांची कमाल मर्यादा १०,००० पाउंडांच्या आसपास ठेवलेली असते. डिझेल इंजिन पेट्रोलपेक्षा बरंच जड. त्यामुळे मर्यादा तीच आणि ट्रक जड, पेलोड कमी. डिझेलचा २५०० ट्रक डोंगर चढेल ऐटीत, पण पाठीवर घेईल २,००० ते २,५०० पाउंडच. मोठ्या फिफ्थ व्हीलसाठी लोक एक-टनी ट्रककडे जातात ते हौसेने जात नाहीत.

२. नाकावर किती भार आहे ते काढा

माझे वडील, अण्णा, सांगलीकडचे. व्हिसावर आले होते तेव्हा ट्रेलर अंगणात उभा होता. त्यांनी भोवती एक फेरी मारली, खिडक्या-बिडक्यांकडे पाहिलंही नाही, आणि विचारलं, "गाडी उलाळ हाय का धुरजड?"

बैलगाडी ज्यांनी हाकली आहे त्यांना यापुढे काही सांगायला नको. भार मागे गेला की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं. भार पुढे आला की धुरजड, बैलांच्या मानेवर येतो. फिफ्थ व्हील मुद्दाम धुरजड बनवलेला असतो. भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारण १५ ते २५ टक्के भार किंगपिनवर, म्हणजे ट्रकच्या पाठीवर येतो. साध्या ट्रॅव्हल ट्रेलरला हाच आकडा १० ते १५ टक्के असतो. हिशोबासाठी २० टक्के धरा.

ब्रोशरमध्ये 'हिच वेट' किंवा 'पिन वेट' म्हणून एक आकडा छापलेला असतो, तो रिकाम्या ट्रेलरचा. त्यावर हिशोब करू नका. फिफ्थ व्हीलची बेडरूम आणि खालचा मोठा सामानाचा कप्पा दोन्ही पुढे, हिचच्या जवळ असतात. आपण सामान तिथेच कोंबतो. आमच्या कप्प्यात एकदा काय होतं ते मी लिहून ठेवलं होतं: दोन घडीच्या खुर्च्या, गॅसची शेगडी, पाच लिटरचा कुकर, तांदळाची २० पाउंडांची गोणी, सासूबाईंनी भरून दिलेला लाडूंचा डबा, जनरेटर, मुलांच्या सायकली. यातला जवळजवळ प्रत्येक पाउंड नाकावर. पाण्याची टाकी कुठे आहे तेही पाहा. एक गॅलन पाणी ८.३ पाउंडांचं असतं, ५० गॅलन भरलंत तर चारशेच्या वर गेलं.

आता एक हिशोब करून दाखवते. समजा ट्रेलर रिकामा ९,२०० पाउंड, भरून कमाल १२,०००. ब्रोशरमधलं पिन वेट १,६५०.

- १२,००० चे २० टक्के: २,४००
- हिचचं स्वतःचं वजन: १५०
- दोन मोठी माणसं, दोन मुलं: ४५०
- केबिन आणि हौद्यातलं सामान: १५०

एकूण ३,१५० पाउंड. डिझेल २५०० ट्रकचा पेलोड २,२५० असेल तर हा ट्रेलर त्याच्यासाठी नाही. ब्रोशरचा १,६५० धरून केलं असतं तर "थोडंसंच वर जातंय, चालतंय की" असं वाटलं असतं. फसगत होते ती इथे.

ट्रेलर अजून घेतला नसेल तर फार छान, लहान पाहा. घेऊन झाला असेल तर पुढची पायरी ट्रक बदलण्याची आहे. हिच कितीही दणकट घेतलात तरी ट्रकचा पेलोड एका पाउंडानेही वाढत नाही. हे वाक्य मी लोकांना तीनदा ऐकवते आणि तरी ते "पण २५ हजार पाउंडांचा हिच घेतला तर?" असं विचारतात.

३. हौदा मोजा

टेप घ्या. मागच्या चाकाचा मध्य हौद्याच्या भिंतीवर खडूने खूण करा आणि तिथून केबिनच्या मागच्या काचेपर्यंत मोजा.

ट्रेलरची रुंदी बहुतेक ९६ किंवा १०२ इंच असते, म्हणजे किंगपिनपासून बाजूपर्यंत ४८ किंवा ५१ इंच. ट्रेलर काटकोनात वळला की तेवढी बाजू केबिनकडे येते, आणि कोपरा वळताना त्याहून थोडा जास्तच घेर घेतो. तुमचं माप यापेक्षा चांगलं मोठं असेल, आठ फुटी हौद्यात ते सहसा असतं, तर साधा, न सरकणारा हिच घ्या आणि सुखी राहा. साडेसहा फुटी हौद्यात माप कमी पडतं. साडेपाच फुटीत तर फारच.

कमी पडलं तर चार वाटा आहेत.

हाताने सरकवायचा स्लायडर: वळायच्या आधी खाली उतरायचं, दांडा ओढायचा, ट्रेलरचे ब्रेक धरून ट्रक हळू पुढे घ्यायचा, की हिच मागे सरकतो. मग वळायचं, आणि परत तसंच करून जागेवर आणायचा. हायवेवर तो पुढेच, आसावर हवा. स्वस्त आहे. पण घोटाळा असा की तो सरकवायची आठवण आधी यावी लागते, आणि पावसात, रात्री नऊला, मागे दोन गाड्या खोळंबलेल्या असताना ती येत नाही.

आपोआप सरकणारा: वळणाच्या कोनानुसार स्वतःच मागे जातो. पुलराइटचा सुपरग्लाइड यात जुना आणि परिचित. महाग आणि जड. त्यासाठी ट्रेलरच्या नाकाखाली एक वेगळी प्लेट लावावी लागते, म्हणजे दुसऱ्या कोणाच्या साध्या हिचवर तो ट्रेलर लगेच बसणार नाही हे लक्षात ठेवा.

ट्रेलरचा पिन बॉक्सच (किंगपिन धरणारा नाकाखालचा भाग) फिरणारा घेणे: रीजचा साइडविंडर असा आहे. वळण्याचा बिंदू मागे जातो, त्यामुळे हिच साधा चालतो. पण हिचमध्ये एक पाचर बसवावी लागते आणि ती तुमच्या हिचच्या मॉडेलचीच लागते.

चौथी वाट, नव्या ट्रेलरांचे पुढचे कोपरे आत कापलेले असतात, "छोट्या हौद्याला स्लायडर लागत नाही" असं त्यावर लिहिलेलं असतं. ते बरंचसं खरं आहे. तरी रिकाम्या मैदानात, बाहेर एक माणूस उभा करून, मुंगीच्या पावलांनी वळून बघितल्याशिवाय विश्वास ठेवू नका.

मी आज विचाराल तर सांगेन, ट्रक नवाच घ्यायचा असेल तर आठ फुटी हौदा घ्या. पार्किंगला त्रास होतो, कॉस्टकोत दोन जागा अडतात, नवरा कुरकुरतो. पण स्लायडरचे पैसे, वजन आणि धास्ती तिन्ही वाचतात.

४. ट्रकला तो धरणार कसा

हिच हौद्याच्या पत्र्यावर उभा असला तरी भार पत्र्याने घ्यायचा नसतो, खालच्या चासीने घ्यायचा असतो. त्याच्या तीन मुख्य रीती.

रूळ: हौद्यात दोन आडव्या लोखंडी पट्ट्या, भोकं पाडून खालून चासीच्या ब्रॅकेटना आवळलेल्या. जवळपास सगळ्या कंपन्यांचे हिच यात बसतात. हिच काढला तरी पट्ट्या राहतात, फावडं अडकतं, अनवाणी पाय आपटतो. भोकं पाडण्याआधी खाली वाकून बघा. इंधनाची टाकी, ब्रेकच्या नळ्या, वायरी नेमक्या तिथूनच जातात. हौद्यात प्लास्टिकचं सुटं अस्तर असेल तर ते तिथे कापावं लागतं, फवारलेलं असेल तर राहू द्या.

कारखान्यातूनच आलेली सोय: फोर्ड, जीएम, रॅम हेवी-ड्युटी ट्रकांवर फिफ्थ व्हील किंवा गूसनेकची (हौद्यातल्या गोळ्यावर अडकणाऱ्या जोडणीची) तयारी पर्याय म्हणून देतात. हौद्यात चार गोल खळगे आणि मध्ये एक भोक दिसतं. हिच त्यात बसतो, दांडे फिरवले की अडकतो, काढला की हौदा सपाट. ट्रक घेताना हा पर्याय टिपून घ्या, नंतर बसवणं जास्त त्रासाचं. फक्त एका कंपनीच्या खळग्यांसाठीचा हिच दुसरीच्या ट्रकमध्ये जातोच असं नाही.

गूसनेकच्या भोकावर: बी अँड डब्ल्यूचा टर्नओव्हर बॉल हौद्याखाली बसवून त्यावर त्यांचा कम्पॅनियन हिच मधल्या एका भोकातून आवळतात. आमच्याकडे आता हाच आहे. एरवी मी ट्रकमधून बागेची माती आणते, तेव्हा हौद्यात काही आडवं येत नाही.

याशिवाय अँडरसनचा अल्टिमेट आहे. ॲल्युमिनियमचा, एकटा माणूस उचलतो एवढा हलका. त्यात हौद्यात गोळा असतो आणि किंगपिनवर टोपीसारखा भाग चढतो. ज्यांचा पेलोड काठावर आहे त्यांना वाचलेले शंभर पाउंड मोलाचे वाटतात. पण याची गल्लत लांब दांड्याच्या गूसनेक ॲडाप्टरशी करू नका. तो किंगपिनला खाली लांबवतो आणि ट्रेलरच्या चासीवर तरफेसारखा जोर टाकतो. असं काहीही लावण्याआधी ट्रेलरच्या चासीची वॉरंटी काढून वाचा, काही ठिकाणी ती रद्द होते.

५. आता हिच

एवढं झाल्यावर दुकानात गेलात की पर्याय आपोआप चार-पाचवर आलेले असतात. मग बघायचं ते हे.

*दोन आकडे.* प्रत्येक हिचवर दोन मर्यादा लिहिलेल्या असतात, एकूण ट्रेलरच्या वजनाची आणि उभ्या भाराची. उदाहरणार्थ २०,००० आणि ५,०००. तुमच्या ट्रेलरचं भरून कमाल वजन आणि दुसऱ्या पायरीतला पिनचा आकडा, दोन्ही त्यात आरामात बसायला हवेत. थोडा वरचा घेतला तर बिघडत नाही, दुप्पट घेतला तर नुसतं लोखंड वाहाल.

*जबडा.* काहींत एकच आडवी पट्टी किंवा हुक पिनच्या मागे सरकतो. काहींत दोन जबडे पिनला दोन्ही बाजूंनी कवटाळतात. दुसऱ्यात पिनला खेळायला जागा कमी, त्यामुळे ब्रेक लावताना आणि गाडी उचलताना पाठीत बसणारे धक्के कमी. माझं मत साफ दोन जबड्यांचं आहे.

*डोकं किती बाजूंना झुलतं.* फक्त पुढे-मागे झुलणारं स्वस्त. चारी बाजूंना झुलणारं घ्या. कॅम्पग्राउंडची जमीन कधीच सपाट नसते, आणि ट्रक डावीकडे कललेला, ट्रेलर उजवीकडे, अशा वेळी जोडणी-सोडणी करताना हा फरक कळतो.

*दांडा.* हे कोणी सांगत नाही म्हणून सविस्तर लिहिते. जबडा उघडायचा दांडा हौद्याच्या भिंतीवरून आत हात घालून ओढायचा असतो. माझी उंची पाच फूट एक इंच. पहिल्या हिचचा दांडा मला पोचायचाच नाही. मी टायरवर पाय देऊन, पोटावर लटकून तो ओढायचे आणि शेजारच्या साइटवरचे आजोबा मदतीला धावायचे. दुकानात हिच बसवलेला ट्रक दाखवा म्हणा आणि स्वतः ओढून पाहा. मागे चार चाकांचा ड्युअली ट्रक असेल तर बाहेर आलेल्या मडगार्डमुळे हात आणखी तोकडा पडतो.

*वजन.* १५० पाउंडांचा हिच हौद्यातून काढणार कोण? दोन तुकड्यांत सुटणारा असेल तर दोघांत जमतं. नाहीतर गॅरेजच्या आढ्याला चेन ब्लॉक लावायची तयारी ठेवा.

जुना घ्यायला हरकत नाही, हिच ही वर्षानुवर्षं टिकणारी वस्तू आहे. जोडकामाच्या शिवणीत चीर आहे का, रंग मारून ती लपवली आहे का, जबडा आतून किती झिजलाय, आणि मर्यादेचं स्टिकर वाचता येतं का ते पाहा. स्टिकर किंवा मॅन्युअलवर एसएई जे २६३८ या चाचणीचा उल्लेख असेल तर उत्तम. स्टिकर नसेल तर कितीही स्वस्त असो, सोडा. पट्ट्या आणि बोल्ट मात्र नवेच घ्या.

६. उंची जुळवा

ट्रेलर जोडल्यावर जमिनीशी समांतर हवा, आणि त्याचं नाक व हौद्याची भिंत यांत किमान साडेपाच-सहा इंच मोकळी जागा हवी. पेट्रोल पंपावरून रस्त्यावर उतरताना ट्रक आणि ट्रेलर वेगवेगळ्या कोनांत असतात, तेव्हा ही जागा खाल्ली जाते. आताचे फोर-व्हील ड्राइव्ह ट्रक उंच, त्यामुळे नाक वर आणि शेपूट खाली अशी स्थिती होते. मग ट्रेलरच्या मागच्या आसावर जास्त भार पडतो. हिचला सहसा उंचीची दोन-तीन भोकं असतात, पिन बॉक्सलाही असतात. तेवढ्याने भागलं नाही तर ट्रेलरचे आस उंचवायचं काम जाणकार मेकॅनिककडून करून घ्या. सगळं जुळल्यावर ट्रेलरचा सगळ्यात उंच भाग, बहुतेक वेळा एसी, जमिनीपासून मोजा आणि आकडा डॅशबोर्डवर चिकटवा. हे ट्रेलर १३ फुटांच्या आसपास जातात आणि ड्राइव्ह-थ्रूचं छत तेवढं नसतं.

७. पहिली जोडणी

सोबत लागणाऱ्या वस्तू: चाकांना लावायच्या रबरी पाचरी, टॉर्च, हातमोजे, टॉर्क पाना, पिनवर चढवायची प्लास्टिकची चकती, नाहीतर प्लेटला लावायचं ग्रीस. दोन्ही नकोत, चकती असेल तर ग्रीस नको. शिवाय हिचचं मॅन्युअल. त्यात बोल्ट किती आवळायचे आणि किती मैलांनंतर पुन्हा तपासायचे ते असतं. मुख्य म्हणजे ट्रकमध्ये ट्रेलरचे ब्रेक चालवणारा कंट्रोलर आणि सात पिनांचा प्लग. हा प्लग हौद्यातच असलेला बरा.

मग असं करा. ट्रेलरच्या चाकांना पाचरी लावा. ट्रकचं टेलगेट खाली करा, हे विसरून टेलगेटचा चेंदा केलेले निदान तीन मराठी लोक मला माहीत आहेत. ट्रेलरचं नाक एवढ्या उंचीवर आणा की हिचची प्लेट त्याच्याखाली घासत जाईल आणि त्याला अर्धा इंच उचलेल. ट्रक सरळ, सावकाश मागे घ्या. 'खटाक्' असा आवाज येईल.

त्या आवाजावर समाधान मानू नका. नाक जास्त उंच असेल तर जबडा पिनच्या टोकापाशीच बंद होतो, आवाज तोच येतो, दांडाही जागेवर गेल्यासारखा वाटतो. मग तुम्ही निघता, आणि पहिल्या चढावर पिन सुटून ट्रेलर हौद्याच्या भिंतींवर कोसळतो. आमच्याशेजारी ओक्लाहोमात एका कॅम्पग्राउंडमध्ये हे माझ्या डोळ्यांदेखत झालं. दोन्ही भिंती कागदासारख्या चेपल्या. म्हणून टॉर्च घेऊन मागून आत बघा. हिचची प्लेट आणि ट्रेलरची प्लेट चिकटलेल्या हव्यात, मध्ये फट नको, आणि पिनच्या मागे जबडा पूर्ण मिटलेला दिसायला हवा. दांड्याची कुलूपपिन लावा.

प्लग जोडा. ब्रेकअवे केबल, म्हणजे ट्रेलर सुटला तर ताणली जाऊन त्याचे ब्रेक लावणारी तार, ट्रकला अडकवा, हिचला नाही. हिचच उखडला तर केबल त्याच्याबरोबर जाईल आणि ट्रेलरचे ब्रेक लागणारच नाहीत.

आता ओढून बघायचं. पाचरी चाकांना तशाच, ट्रेलरचे पुढचे टेकूचे पाय जमिनीपासून जेमतेम इंचभर वर. ट्रेलरचे ब्रेक हाताने दाबून धरा आणि ट्रक हळूच पुढे घ्या. ट्रकने हिसका द्यायला हवा आणि ट्रेलरने जागचं हलता कामा नये. पिन सुटलीच तर ट्रेलर इंचभर खाली पायांवर बसेल, हौदा वाचेल. मग पाय पूर्ण वर, दिवे तपासा, टेलगेट बंद, पाचरी उचला. हा क्रम मी कार्डावर लिहून लॅमिनेट केलाय आणि जोडताना माझ्याशी कोणीही बोलायचं नाही असा घरात नियम आहे.

सोडताना दांडा हलत नसेल तर हातोडी घेऊ नका. पिन जबड्यावर रेटून बसलेली असते. ट्रक अर्धा इंच मागे घ्या, दाब सुटतो, दांडा लोण्यासारखा येतो.

८. काट्यावर न्या, मग लायसन्स बघा

हायवेच्या मोठ्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल नावाचे वजनकाटे असतात. त्यांचं 'वे माय ट्रक' ॲप फोनवर घेतलं की गाडीतून उतरावंही लागत नाही. आधी नुसता ट्रक न्या, पूर्ण टाकी आणि घरची सगळी माणसं आत बसवून. मग खरोखर सहलीला निघताना जसा भरता तसा ट्रेलर भरून, जोडून परत जा. ट्रकची पुढची चाकं, मागची चाकं आणि ट्रेलरची चाकं वेगवेगळ्या पट्ट्यांवर उभी करा. दुसऱ्या वेळच्या ट्रकच्या दोन आकड्यांच्या बेरजेतून पहिल्या वेळचं ट्रकचं वजन वजा केलंत की खरं पिन वेट मिळतं. मागच्या चाकांचा आकडा दारावरच्या मागच्या आसाच्या मर्यादेशी ताडून बघा. आम्ही गेलो तेव्हा अण्णा मागच्या सीटवर होते. कारखान्याच्या काट्यावर ऊस घेऊन रात्र-रात्र रांगेत काढलेला माणूस, पावती हातात घेऊन म्हणाले, "पाच मिनिटांत झालं? लाइन न्हाई?"

पिन जड निघाली तर कप्प्यातलं सामान मागे हलवा, पण फार नाही. नाक हलकं होऊन भार १५ टक्क्यांच्या खाली गेला तर ट्रेलर उलाळ होईल आणि मग वाऱ्यात डुलेल.

लायसन्सचे नियम राज्यागणिक वेगळे, तुमच्या राज्याच्या संकेतस्थळावर बघाच. टेक्सासमध्ये ट्रक आणि ट्रेलरच्या कमाल मर्यादांची बेरीज २६,००१ पाउंड किंवा जास्त असेल आणि ट्रेलर १०,००० च्या वर असेल, तर बिगर-व्यावसायिक क्लास ए लागतं. कॅलिफोर्नियात १०,००० ते १५,००० पाउंडांमधल्या फिफ्थ व्हीलसाठी नेहमीच्या क्लास सी वर वेगळी नोंद करून घ्यावी लागते, १५,००० च्या वर बिगर-व्यावसायिक क्लास ए. हे वजन स्टिकरवरच्या कमाल मर्यादेचं धरतात, ट्रेलर रिकामा होता ही सबब चालत नाही.

विमा कंपनीला फोन करून हिच आणि ट्रेलर दोन्ही कळवा. त्या फोनवर ते ट्रकचा पेलोड विचारत नाहीत, ट्रेलरचा व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, विचारतात. तो ट्रेलरच्या डाव्या अंगाला पुढे लावलेल्या स्टिकरवर सापडेल, शेजारीच कमाल वजनाचा आकडाही असतो. त्याचाही फोटो काढून ठेवा, पुढच्या गणपतीत मी मागणार आहे.